मी नाही म्हटलेलं घर

साल २०२३, एप्रिल महिना. मला बहात्तरावं लागलं होतं. शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. मोबाईलवर बोटानं गिरवून लिहायला गल्लीतल्या एका पोरानं शिकवलंय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आमचा धंदा गवळ्याचा. म्हैस आटली की लोक म्हणायचे नजर लागली, लिंबू उतरून टाका. मी म्हणायचो, आधी वैरण बघा. लाथ मारती? सडाला काटा लागलाय का बघा. पन्नास वर्षांत मला काटेच सापडले, भूत एकदाही सापडलं नाही. दूधकट्ट्यावर, जिथं आम्ही गिऱ्हाइकापुढंच धार काढून देतो, तिथं चारचौघांत हे मी छाती ठोकून सांगायचो. त्यामुळंच पुढची गोष्ट आजवर कुणाला सांगता आली नाही… तुम्ही अनोळखी आहात, म्हणून लिहितोय.

कोल्हापुरात गंगावेशीजवळ गल्लीत माझ्या दोन खोल्या, मागं गोठा. बायको जाऊन चार वर्षं झालेली. एके काळी अकरा म्हशी होत्या, आता एकच, सगुणा. तिचं रेडकू पौषात मेलं. तेव्हापासून ती पान्हा सोडायला त्रास द्यायची. पेंड पुढं ठेवून, कासेवरनं अर्धा तास हात फिरवला की कुठं लिटर-दीड लिटर. दुसरे अशा वेळी दूध उतरायची सुई टोचतात. मी टोचत नाही.

मुलगा संजय पुण्यात. नात स्वरा सहा वर्षांची, नातू तीन वर्षांचा. संजयला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी मिळत होती. त्याचा फोन आला.

"आबा, उपनगरात एखादं घर बघा. हायवेच्या बाजूला, म्हंजे मला कागल जवळ पडंल."

"आणि हितं काय वाईट हाय?"

"आबा, दोन खोल्या, त्यात माशा. पोरांनी खेळायचं कुठं? शेणात?"

"तू शेणातच खेळलास की."

"म्हणून तर म्हणतोय."

दोघंही हसलो. इथं राहता का म्हणून मी एकदा विचारतो, दोनदा विचारत नाही. पण महिनाअखेरीपर्यंत घर ठरलं नाही तर शाळांचे प्रवेश हुकणार, मग नोकरीला नाही म्हणून ते पुण्यातच राहणार, हे त्यानं स्वच्छ सांगितलं. म्हणजे पोरं माझ्या गावात येणार की नाही हे माझ्या हातात होतं.

सूनबाईनं मोबाईलवर यादी पाठवली. शाळेची बस दारात यावी. बाग असावी. लहान मुलांचा डॉक्टर जवळ असावा. मोठा रस्ता लांब असावा. पाणी रोज यावं. यादी बरोबरच होती, पोरगी हुशार आहे. पण माझा बाप म्हणायचा, नव्या जागेत लेकरं न्यायच्या आधी जनावर न्यावं आणि तिथं धार काढून बघावी. यात देवाधर्माचं काही नाही. साप असो, घाण हवा असो, जमिनीचा हादरा असो, जनावराला आधी कळतं, आणि बेचैन म्हैस पान्हा चोरते. दिवाळीच्या पाडव्याला गाडीमागं म्हशी पळवायची आमच्यात रीत आहे, त्यामुळं सगुणा माझ्या मोपेडमागं कुठंही येते. तिला घेऊनच घरं बघायला निघालो.

पहिल्या कॉलनीच्या फाटकात सेक्रेटरी आडवे आले.

"आजोबा, जनावर अलाऊड नाही."

"लेकरं अलाऊड हायत का?"

"लेकरं आहेत की. पण पाच ते सातच खेळायचं, आणि बॉल आणायचा नाही."

मी फाटकातनंच परतलो. दुसरं घर हायवेला चिकटून. ट्रकचे हॉर्न असे, की सगुणा एक थेंब द्यायला तयार नाही. तेही सोडलं.

तिसरं उचगावच्या पुढं, नव्या कॉलनीत शेवटचं घर. मालक परगावी. चावी शेजारच्या बाईंकडं, त्या निवृत्त शिक्षिका. घर दोन वर्षांपूर्वी बांधलेलं, त्यात अजून कुणी राहिलेलं नाही. बाग समोर, शाळेची बस कोपऱ्यावर. मागं परडं, त्याला फरशी, कडेला कपडे धुवायचा दगड. यादीतलं सगळं इथं होतं. मनात म्हटलं, झालं काम… नात या दगडावर बसणार, नातू फरशीवर सायकल फिरवणार. मी रोज दूध घेऊन येणार.

दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन. सगुणाला परड्यात आणलं. दुधाची चरवी मोपेडला अडकवलेली होती, ती काढायला वळलो तोच तिचा आवाज आला. घशातल्या घशात, बारीक, थांबून थांबून. म्हैस असा आवाज फक्त तान्ह्या रेडकाला काढते. पौषापासून मी तो ऐकला नव्हता.

वळून बघितलं. ती मान मागं वळवून काहीतरी चाटत होती, रेडकाच्या पाठीएवढ्या उंचीवर. तिथं काही नव्हतं. पण जीभ हवेत फिरत नव्हती. कशाला तरी टेकून, वाकून, परत मागं येत होती. मग कासेला खालनं ढुसणी बसली. एक, दोन. रेडकू पान्ह्यासाठी मारतं, तशी. कास वर उडलेली मी बघितली. डाव्या बाजूच्या दोन सडांतनं आपोआप दूध गळायला लागलं, फरशीवर ओघळ आला. उजव्या बाजूला फरशी कोरडी. एक थेंब नाही.

कुंपणाच्या भिंतीवरनं बाई म्हणाल्या, "आबा, रेडकू पण आणलंय व्हय? मला हितनं दिसंना."

मी फरशीवरचा ओघळ बघत होतो. शेवटी म्हटलं, "व्हय. पितंय."

"पिऊ दे, पिऊ दे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळानं सगुणा चाटायची थांबली आणि नेहमीसारखी शेपूट हलवत उभी राहिली. मी हात लावला. डावे दोन सड अजून दुधानं भरलेले. उजवे दोन मोकळे, मऊ, आणि ओले. आमच्यात दोन सड रेडकाला आणि दोन माणसाला, अशी वाटणी असते. ती वाटणी तिथं कुणीतरी पाळली होती.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. हेवा वाटला. चार महिने मी त्या म्हशीपुढं हात जोडत होतो, आणि जे मला दिसतही नव्हतं त्याला तिनं न मागता दिलं.

भीती घरी आल्यावर वाटली. तिथं जे होतं ते लहान होतं आणि उपाशी होतं. त्याच्यात माझी दोन पोरं आणून ठेवायची?

दिवेलागणीला संजयचा फोन. "आबा, चावीवाल्या बाईंशी बोललो मी. घर झकास हाय म्हणं. मग हो म्हणून सांगू?"

"नको."

"का?"

काय सांगणार… पन्नास वर्षं ज्याला मी हसलो, तेच आता माझ्या तोंडातनं यायचं? म्हटलं, "पाणी येत न्हाय तिथं."

"बाई म्हणाल्या रोज येतं."

"मग बाईंचंच ऐक की. मला कशाला इचारतोस?"

मागं नातू काहीतरी आपटत होता, त्याचा आवाज येत होता. मग संजय म्हणाला, "तीन घरं बघितली, तिन्ही नको. आबा, आम्ही यायला नकोच असू तर सरळ सांगा. राग न्हाय येणार."

तिथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. शब्द ओठांवर आले होते. मी म्हटलं, "तुझं तू बघ," आणि फोन ठेवला.

ते आले नाहीत. पुण्यातच आहेत. सणाला फोन येतो. मी हो म्हटलं असतं तर पोरं आज सात किलोमीटरवर असती, हे मला कळतं. पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन.

नंतर मी चौकशी केली. त्या जागेवर पूर्वी ऊस होता. ना गोठा, ना विहीर, कुणी मेल्याचं कुणाला ठाऊक नाही. सगुणाला डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले म्हैस ठणठणीत आहे. काटा शोधायची सवय असलेला माणूस मी, पण इथं काटा सापडला नाही. आजही सांगता येत नाही ते काय होतं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्ट्यावर गेलो नाही. गिऱ्हाइकं वाट बघत राहिली असतील. धार न काढता सगुणाला सोडलं, मोपेड चालू केली आणि उचगाव गाठलं. बाई दारात रांगोळी काढत होत्या.

"आबा, घेतलं व्हय घर?"

"न्हाय."

"मग?"

"जरा चावी द्या. म्हशीला आत सोडतो."

त्यांनी रांगोळीचे हात पदराला पुसले आणि चावी आणून दिली. मी सगुणाला परड्यात सोडलं. चरवी काढली नाही. पुढच्या दारी येऊन पायरीवर बसलो, परड्याकडं पाठ करून, सगुणाचा तोच बारीक आवाज ऐकत, आणि रेडकाचं पिऊन होईस्तोवर बसून राहिलो.