एकशेतीस-ऐंशी

मला नीट ऐकू येत नाही, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. समोरचं बोलणं कळतं, पण स्टेथोस्कोपमधले बारीक ठोके कधीच गेले. आणि पाथर्डीकडच्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेवक आहे. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, हवा सोडत ठोका कुठे सुरू होतो, कुठे थांबतो ते ऐकायचं. म्हणजे वरचं आणि खालचं बीपी मिळतं. मी ऐकल्यासारखा चेहरा करायचो. काटा थरथरला की अंदाज धरायचा, एकशेतीस-ऐंशी लिहून मोकळं व्हायचं. जुनं रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं तेच.

मग बटणाचं मशीन आलं. त्याला कानांची गरज नव्हती. मी सुटायला हवा होतो. उलट धडकी भरली. त्याचे आकडे माझ्या आकड्यांशेजारी बसले असते तर बिंग फुटलं असतं. म्हणून गावभर सांगत सुटलो, "डबडं हाय ते. सेल उतरला की काय बी दाखवतंय. हाताचं ते खरं." लोकांना पटलं. फुगा दाबणारा त्यांना डॉक्टर वाटतो.

ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी तपासणी होती, ती मशीनवरच करा असा वरून हुकूम होता. नवरा-बायको मिळून एक कोयता. तपासणीत एक राहिला की दुसऱ्यालाही मुकादम नेत नाही. पस्तिशीची एक बाई बसली. मशीनवर एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे चौदा. पाच मिनिटांनी पुन्हा लावलं. जवळपास तेच.

"डोकं दुखतं का, ताई?"

"दुखायला येळ कुठंय त्याला?" ती हसली.

मुकादम दारातूनच ओरडला, "ओ डॉक्टर, डबड्याच्या नादी काय लागता? तुमीच म्हनता ना, हाताचं ते खरं?"

"बगा की हातानं," नवरा म्हणाला. "न्हाईतर माजा बी कोयता मोडला."

रांग माझ्याकडे बघत होती. पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या. आत काहीच नव्हतं. तरी मान हलवली.

"एकशेतीस-ऐंशी. जा."

"उगा भ्या दावत हुतं ते मशीन," ती नवऱ्याला म्हणाली.

दोन महिन्यांनी तिला उसाच्या फडातच लकवा झाला. उजवा हात गेला. आता ती गावातच असते, डाव्या हाताने भाकरी थापते आणि ती फाटते.

परवा तिच्या घरी गेलो. नवरा उंबऱ्यावरूनच म्हणाला, "लोणच्याबिगर घास उतरत न्हवता हिला. भोगा आता."

"माजंच चुकलं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तर बरोबर बघून दिलं हुतं."

मी मशीन लावलं. आकडा अजून वरच. लकव्यानंतर दवाखान्यातून दिलेलं बीपीच्या गोळ्यांचं पाकीट फळीवर तसंच, न फोडलेलं.

"ह्या डबड्याचं ऐकून कशाला गोळ्या खायच्या?" तिने डावा हात पुढे केला. "तुमी हातानं बगा."

मी काहीतरी पुटपुटलो आणि निघून आलो. एवढा नीचपणा माझ्यात असेल असं वाटलं नव्हतं. दवाखान्यात वरच्या डॉक्टरांना सांगेन, नोकरीचं जे व्हायचं ते होईल, ते नंतरचं. आधी त्या दोघांसमोर बसून मला सांगायचंय: मला ऐकू आलं नव्हतं, मशीन खरं होतं, चूक लोणच्याची नव्हती, गोळी आजपासून घ्या. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.