क्लच नसलेली गाडी

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. भंडाऱ्यात हायवेच्या कडेला माझं लहानसं गॅरेज होतं. ट्रक आणि जीपखाली पाठीवर पडून माझा दिवस जायचा, आणि त्या उन्हाळ्यात पाठच बोलायला लागली होती.

पवनीचे एक धानाचे व्यापारी माझ्याकडे येत. लहानपणी ताप येऊन त्यांचा डावा पाय वाळला होता. म्हणून त्यांनी कुठून तरी एक जुनी अमेरिकन गाडी मिळवली होती. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. एका पायावर ते पवनी ते तुमसर स्वतः चालवत जायचे. मीटर एकदा पूर्ण फिरून शून्यावर आलं होतं आणि नंतर बंदच पडलं होतं.

"मिस्त्री, इंजिन बोंबलते, पन गाडी ओढत नाही," ते म्हणाले. "सकाळी बरी चालते. अड्याळ आलं का नखरे सुरू."

"सेठजी, असा गिअरबॉक्स मी कधी खोलला नाही."

"मंग शिक माह्या गाडीवर."

आम्ही दोघं अड्याळपर्यंत गेलो. थंड असताना गाडी लोण्यासारखी चालली. गरम झाल्यावर वरचा गिअर पडायच्या वेळी इंजिन ओरडायचं आणि वेग मात्र उतरायचा. मागे घेताना काही त्रास नव्हता. म्हणजे इंजिन ठीक होतं, बिघाड गिअरच्या डब्यातच होता. परत येऊन मी इंजिन चालू ठेवूनच डब्यातलं तेल मोजायची पट्टी ओढली. तेल लाल असायला हवं, ते काळ्या चहासारखं निघालं आणि त्याला जळका वास होता. बोटांत चोळलं तर कचकच लागली.

डब्यात गिअर पकडून धरणाऱ्या प्लेटा घासून गेल्यात, हे तिथंच मला समजायला हवं होतं. समजलंही असेल. पण माझ्या भरवशावर बसलेल्या माणसाला ते लगेच सांगावंसं वाटलं नाही. मी तेलाच्या नळ्या तपासल्या, सील पाहिले, अ‍ॅक्सिलरेटरकडून डब्याकडे येणारी सळई नीट बसवली. एकेक काम झालं की पुन्हा अड्याळ, आणि पुन्हा तोच आवाज. नागपूरला तेल आणायला गेलो, तेव्हा तिथले एक म्हातारे मिस्त्री म्हणाले, "सगळं जुनं तेल काढू नोको. घिसलेल्या प्लेटा त्या गाळावरच तगून रायतात."

मी ऐकलं नाही. डब्याखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तर तळाशी काळा चिखल साचलेला, तेलाची जाळी पार तुंबलेली. तो चिखल पाहिल्यावर ते तेल परत भरायला माझा हात धजेना. जाळी धुतली आणि नवं लालभडक तेल भरलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुढे हललीच नाही. फक्त मागे जायची.

सेठजी बाकावर कुबडी टेकवून बसले होते. "तेल बदलवलं म्हणून झालं का रे?"

"असंल. नसतं बदलवलं तरी फार दिवस चालली नसती, असं वाटते. पन खरं मले बी मालूम नाही."

त्यांनी कुबडीचं टोक गाडीकडे केलं. मग म्हणाले, "खोल."

आतल्या प्लेटा घासून नुसतं लोखंड उरलं होतं. नव्या प्लेटा नागपुरात नव्हत्या, मुंबईहूनही दोन महिन्यांनी नकार आला. मी म्हटलं, जीपचा गिअरबॉक्स बसवतो, क्लच हातानं दाबायचा दांडा करून देतो. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "एक स्टिअरिंगवर, एक गिअरवर. तिसरा कुठून आनू?"

शेवटी ते ट्रॅक्टर आणि त्याचा ड्रायव्हर घेऊन गाडी न्यायला आले. सुटा केलेला डबा मी पोत्यात भरून डिकीत ठेवला. दोर बांधून झाल्यावर म्हटलं, "पवनीपर्यंत स्टिअरिंगवर मी बसतो, सेठजी."

"काहून? ब्रेक तं आहे ना?"

कुबडी मागच्या सीटवर टाकून ते स्वतःच बसले. ट्रॅक्टरनं दोर ताणला, गाडी आवाज न करता रस्त्याला लागली. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग पोतं अंथरलं आणि ट्रकखाली शिरलो.