जिन्याच्या पायरीवरचं मत

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंचे. माझे वडील बसस्टँडवर हमाली करत. घरात सही करता येणारा मी पहिला. बाईंनी मला बी.ए. पूर्ण करायला लावलं आणि शेवटच्या वर्षी स्वतःजवळचं एक जाड पुस्तक हातात देऊन सांगितलं की रोज एक पान मराठीत करत जा, इंग्रजी आपोआप येईल.

ते पुस्तक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका परदेशी बाईची भाषणं आणि लेख. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तिने आयुष्यभर लिहिलं, आणि तो मिळण्याआधीच ती वारली. तिच्या काळचे पुरुष म्हणत, नवरा मत देतो ते बायकोच्या वतीनेही देतोच, मग वेगळं मत कशाला? त्यावर तिचा प्रश्न असे की वतीने बोलणाऱ्याने बायकोला आधी विचारलेलं असतं का. हाच मुद्दा ती न कंटाळता पुन्हा पुन्हा मांडे. मी तीन वह्या भरल्या.

पुढे मुंबईत कारकुनाची नोकरी लागली, वाशीला सोडतीत घर मिळालं, लग्न झालं, मुलगी झाली. बायको रबाळ्याजवळच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळा सकाळची, त्यामुळे ती सव्वासहाला घर सोडायची. माझ्या वह्या तिनेही वाचल्या होत्या. पाहुणे आले की मी त्यातलं एखादं पान मोठ्याने वाचून दाखवत असे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या इमारतीत पाण्याची टंचाई झाली आणि दिवसातून एकच तास पाणी सोडायचं ठरलं. वेळ ठरवायला सोसायटीची सभा बोलावली. सभा जिन्याखाली सतरंजीवर व्हायची. सभासद सगळे पुरुष, कारण घरं त्यांच्या नावावर. बायका वरून चहा आणून देत आणि मग जिन्याच्या पायऱ्यांवर बसून ऐकत. पहाटे पाच की सकाळी सात, असा प्रश्न होता. बहुतेकांना सात सोयीचं वाटलं. मीही हात वर केला.

रात्री भांडी घासून झाल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या त्या वह्या आणा जरा. नवऱ्याने बायकोला विचारलं होतं का, ते पान वाचून दाखवा."

मी म्हटलं, पाणी मी भरून ठेवीन.

"आणि कपडे? ते पण तुम्हीच धुणार? मी चार हात लांब पायरीवर बसले होते. मान वळवून बघितलं असतं तरी चाललं असतं."

त्या पानाचा मी दोनदा तर्जुमा केला होता. पहिला मला पसंत पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, बायकोला सभेत बोलता येईल का ते विचारायला मी सेक्रेटरींकडे गेलो. ते खालच्याच मजल्यावर राहत. ते हसून म्हणाले, "साहेब, शेअर सर्टिफिकेटवर नाव तुमचं. उद्या वहिनी बोलल्या तर परवा आमच्या घरातली पण बोलेल. मला कशाला टेन्शन देता?" पण माणूस सरळ होता. नियमांचं पुस्तक काढून त्यांनी शोधून दिलं की बायकोचं नाव सहसभासद म्हणून लावता येतं, मात्र मत एकच. पहिला सभासद सभेला नसेल, तरच दुसऱ्याने ते द्यायचं.

अर्ज मंजूर व्हायला दोन महिने लागले. तोवर बायको रोज पहाटे उठून आदल्या दिवशीच्या पाण्यात कपडे बुडवत होती. मग वेळेचा ठराव फेरविचाराला आला. त्या संध्याकाळी मी घरात थांबलो आणि मुलीला वरणभात भरवला. खालून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. त्याच आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

"आदरणीय बाईंना शिरसाष्टांग नमस्कार. आपण दिलेल्या लेखांचा एक उपयोग झाला, तो कळवतो. परवा आमच्या सोसायटीच्या सभेला मी गेलो नाही, सौ. गेली. ती सतरंजीवर बसली. प्रथम कोणी तिच्या शेजारी बसेना, मग सेक्रेटरी बसले. तिने सांगितलं की इमारतीत सकाळी सातच्या आत बाहेर पडणाऱ्या पाच बायका आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. दोन मतांच्या फरकाने ठराव मंजूर झाला. आता पाणी पाच वाजता येतं. मला लवकर उठावं लागतं. आणखी दोघींनी अर्ज मागितले आहेत. पुढच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय आहे आणि त्यावर मलाही बोलायचं आहे. परंतु घरात मत एकच. कोणी जायचं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पुस्तकातल्या त्या बाईंनी याविषयी कुठे लिहिलं असल्यास कृपया कळवावे. आपला विद्यार्थी."