फुलीचं बटण

काजवालीच्या नाकावरचा चष्मा कायम डावीकडे कललेला असतो. अख्खी गल्ली हसते, पण ती काही तो सरळ करून घेत नाही.

बाई शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. हात असा साफ की चार भोकांच्या बटणाला दोन टाके, शेजारी-शेजारी, एकमेकांना न शिवणारे. बाजूच्या स्टुलावर तिची जिवाभावाची मैत्रीण. ती मात्र त्याच भोकांतून फुली घालायची. बटण बघून मुकादम सांगायचा, हे हिचं, हे तिचं.

एका रविवारी नवऱ्याचा शर्ट धुताना काजवालीला मधलंच एक बटण फुलीचं दिसलं.

"हे कुणी लावलं?"

"तुटलं होतं. दुकानात लावून घेतलं," नवरा म्हणाला आणि चहात बिस्कीट बुडवत राहिला. बिस्कीट विरघळून तळाला गेलं तरी त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मैत्रिणीनेही मान वर केली नाही. थोड्याच दिवसांत दोघं गाव सोडून पसार झाली. नवऱ्याने ट्रंक नेली, मैत्रिणीने हिची कात्री. गल्लीचं म्हणणं पडलं, नवऱ्याचं काय एवढं, कात्री चांगली होती. काजवालीही हसली त्यावर. मग चूल पेटवणंच सोडलं. एकटीसाठी कोण रांधतं, म्हणायची. पाव आणि चहा. अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागले.

पुढे वय झालं, सुईत दोरा जाईना, तशी ती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेली. माणूस विधुर आणि शब्दांचा कंजूष. चष्मा दिला, वर म्हणाला, "कानामागे रुतेल. परत या." ती गेली. मग म्हणाला, "नाकावरून घसरेल. परत या." बायकांना तेवढंच हवं होतं.

"काय गं, नाकाचं माप इतक्यांदा कोण घेतं? वाढतंय की काय तुझं नाक?"

"तुमची जीभ वाढते तसं," ती म्हणाली. तिला असं उलटून बोलताना कैक वर्षांनी ऐकलं लोकांनी.

एकदा काच पुसता पुसता तो म्हणाला, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत कुणीच नसतं."

"बघू," ती म्हणाली. पण त्या दिवशी चूल पेटली.

थंडीच्या तोंडावर त्याने आपला कोट शिवायला दिला, अस्तर उसवलं होतं. तिने तो मांडीवर पसरला. बटणं सगळी फुलीची. दुसऱ्या दिवशी कोट त्याच्या काउंटरवर टाकला.

"ही बटणं कुणी लावली?"

"मीच."

"त्याने निदान दुकानाचं नाव पुढे केलं होतं. तुम्ही तर स्वतःचंच केलंत."

बिचाऱ्याला ओ की ठो कळलं नाही. तो तिच्या दारापर्यंत आला, तिने कडी घातली. चूल पुन्हा विझली.

पुढच्या हिवाळ्यात त्याची थोरली बहीण कपड्यांचं गाठोडं घेऊन काजवालीकडे आली.

"अर्धांगाचा झटका आलाय त्याला. उजवा हात गेला. अंगाने निम्मा झालाय, शर्ट आत घ्यायचेत."

गाठोडं सुटलं. प्रत्येक शर्टावर, उशीच्या अभ्र्यावर, फुलीचीच बटणं. वाकडी, जाड दोऱ्याची, आणि गाठ वरच्या अंगाला, मुंगळ्याएवढी.

"ही बटणं..."

"त्याचीच कलाकुसर. बायकोने जाता जाता तेवढा एकच टाका शिकवला. दुसरा शिकवायला राहिलीच नाही ती." म्हातारीने नाक पुसलं. "मी म्हणते, दे इकडे. तर म्हणतो, ताई, तुझ्यापेक्षा बरं जमतं मला."

सुई धरायला शिकलेली कुठली बाई गाठ वर ठेवेल? कोटावरही ती गाठ असणारच. जन्म बटणांत गेलेल्या बाईने फुली पाहिली, गाठ पाहिलीच नाही.

काजवाली त्याच्या घरी गेली तेव्हा तो खुर्चीत होता. तोंडाचा कोपरा ओघळलेला. दुसरा झटका येईल, असं डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं.

"चष्मा सैल झालाय," ती म्हणाली.

त्याने डाव्या हातात पेचकस घेतला. स्क्रू पडला, तिने शोधून दिला. पुन्हा पडला, पुन्हा दिला. मग त्याने चष्मा तिच्या नाकावर ठेवला, डावीकडे कललेला.

"नी...नीट?"

"नीट. ती दुसरी खोली रिकामी आहे अजून?"

त्याने तोंड फिरवलं. "आता... कशाला?"

"शर्ट आत घ्यायचेत. मशीन ठेवायला जागा लागेल."