तारवात राहिलेला जब्दी

पुरुषोत्तम गायकवाडांचा आवाज खणखणीत. अमेरिकेत सनीव्हेलच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची उपासना दर रविवारी त्यांच्याच अपार्टमेंटमध्ये भरायची, आणि शेवटची प्रार्थना तेच करायचे. पीक उदंड आहे प्रभू, कामकरी पाठव! सगळे 'आमेन' म्हणून चहाला उठायचे. देवाच्या कामाला जाणारा कामकरी दुसऱ्याच्या घरातून निघणार, हे प्रत्येकानं धरूनच चाललेलं.

आणि एके दिवशी त्यांची एकुलती एक सुलेखा म्हणाली, "बाबा, मी जॉब सोडला."

चिप डिझाइन करणारी पोरगी, टेक्सासच्या सीमेवर निर्वासितांच्या निवाऱ्यात सेवेला राहायला निघाली. पगार नाही, पोटापुरतं जेवण. बायको गेल्यापासून पुरुषोत्तमांना ही एवढीच उरलेली. नगर सोडून इथवर ते काय हवा खायला आले होते?

"डोकं फिरलंय तुझं!"

"तुम्हीच शिकवलंत ना? येशूनं हाक मारली आणि दोघे कोळी भाऊ जाळी तिथंच टाकून निघाले."

"शिकवलं. अंगाला लावून घे म्हटलं नव्हतं!"

"जाताना डोक्यावर हात ठेवाल?"

देवाच्या कामाला निघणाऱ्याच्या डोक्यावर मंडळीच्या वडिलानं, म्हणजे तिच्या प्रमुखानं, हात ठेवायचा, ही पहिल्या शिष्यांपासूनची रीत. इथं वडील म्हणजे पुरुषोत्तमच.

"नाही ठेवणार."

रविवारी उपासना संपता संपता सुलेखा सगळ्यांसमोर गुडघे टेकून बसली. पुरुषोत्तम हात मागे बांधून उभे.

"ठेवा हो भाऊ," सुमेधाकाकू म्हणाल्या. "केवढं भाग्य तुमचं!"

"मग तुमच्या ऋषीला पाठवा की!"

काकूंनी शेजारी बसलेल्या लेकाचा हात घट्ट धरला.

"त्या भावांच्या बापाचं, जब्दीचं काय?" पुरुषोत्तमांचा आवाज चिरकला. "पोरं गेली येशूमागं. बाप तारवातच राहिला, अर्धवट शिवलेली जाळी घेऊन. त्याचं कुणी विचारलंय कधी?"

सुलेखानं मान वर केली. डोळे भरलेले.

"त्यानं मागून एक हाक मारली असती ना बाबा, तर धाकटा परत फिरला असता."

पुरुषोत्तम तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे नुसतं 'थांब' म्हटलं, की पोर थांबणार होती. शब्द ओठांवर आला. तो त्यांनी गिळला, आणि दोन्ही हात तिच्या केसांवर ठेवले.

खणखणीत प्रार्थना काही सुचेना.

"प्रभू," ते पुटपुटले, "ही सकाळी काही न खाता निघते. तिथं हिला 'खाऊन जा' म्हणणारं कुणीतरी असू दे. आमेन."

आमेन झालं तरी हात निघेनात. सुलेखानंही डोकं हलवलं नाही.