अब्बांनी पाठीवरचं भोक बघितलंय

हे आत्ताच सांगायचंय. उद्या कुणीतरी समजावायला येईल, अम्मी म्हणेल जाऊ दे, आणि मी शहाण्यासारखी गप्प बसेन. त्याआधी लिहिते. शुद्धलेखन बघू नका.

आज दुपारी. प्रांतसाहेबांचं ऑफिस. माझा मोठा भाऊ तौसिफ पोलिसांच्या गोळीने मेला, त्याची चौकशी हे साहेब करतायत. आज अब्बांचा जबाब होता. हडपसरला आमचं गादीचं दुकान आहे, अब्बा गाद्या-उशा शिवतात. ईदचा शर्ट घालून आले होते. समोर एक खुर्ची रिकामी होती. बसा कुणी म्हणालं नाही म्हणून उभेच. शेजारच्या खुर्चीत पोलीस इन्स्पेक्टर. ज्यांच्या माणसाने गोळी घातली तेच. त्यांना खुर्ची होती, चहा होता.

अब्बा म्हणाले, "साहेब, गोळी पाठीतून आत गेली होती. पाठीवर छोटं भोक होतं, छातीवर मोठं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आपण डॉक्टर का?"

"नाही साहेब. गादीवाला."

"मग गादीला भोक पडलं की आपण बोला. माणसाचं डॉक्टरांना बोलू द्या."

टाईप करणारा हसला. इन्स्पेक्टर हसले. आणि अब्बापण हसले. ते मला सहन झालं नाही. ज्याचा मुलगा मेलाय तो माणूस हसला, कारण साहेब हसले.

"फोटो आहे का पाठीचा?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"कमाल आहे. हल्ली लोक मिसळीचाही फोटो काढतात."

अब्बा म्हणाले, "चूक झाली साहेब."

कुणाची चूक? थांबा, आधी काय झालं ते सांगते.

तौसिफभाई पार्सल पोचवायचा, बाईकवर. त्या संध्याकाळी धायरीकडे गेला होता. पुढे नाकाबंदी. त्याच्या गाडीचं पीयूसी संपलेलं. त्याने लांबूनच पोलीसमामा बघितले आणि यू-टर्न मारला. पुण्यात हे कोण करत नाही? तुम्ही केलंय. मी केलंय. कोथरूडची पोरं रोज करतात आणि पुढच्या चौकात पकडली तर पावती फाडून, वर हुज्जत घालून घरी जातात. माझ्या भावाला पावती नाही मिळाली.

पोलिसांनी सांगितलं, तो कोयता काढून अंगावर आला. स्वसंरक्षणार्थ समोरून गोळी मारली. एक कोयतापण दाखवला, नवा कोरा. पेपरात आलं, 'कोयता गँगचा संशयित ठार'. कोणती गँग? त्याची गँग म्हणजे मी आणि दुकानातली मांजर. पण संशयित म्हटलं की पुढे काही सिद्ध करावं लागत नाही. नाव वाचून लोकांचं झालेलंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर. हेच इन्स्पेक्टर आले. शिवी नाही, दमदाटी नाही. अम्मीला म्हणाले, "अहो, सावलीत बसा ना." पाण्याची बाटली आणून दिली. मग अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाचा, तुमच्यात मय्यत थांबवत नाहीत ना? जोहरच्या नमाजच्या आत होऊन जाऊ दे. ॲम्ब्युलन्स मी सांगितलीय. कब्रस्तानातही फोन केलाय."

जोहर, म्हणजे दुपारची नमाज. त्यांना वेळसुद्धा माहीत होती.

अब्बांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. अम्मीचा भाऊ, आमचा मामू, म्हणाला, बंदा शरीफ आहे. मीही मनात तेच म्हणाले. खरं सांगते, मला वाटलं, चला, निदान एक तरी माणूस आमची रीत समजून घेतोय.

नंतर एका वकीलताईंकडून कळलं, अशा वेळी लोक बॉडी ताब्यात घेत नाहीत. शवागाराच्या दारात बसून राहतात, गुन्हा दाखल करा मगच नेतो म्हणतात. तेव्हा कुठे वरून फोन येतात, दुसऱ्या पोस्टमॉर्टेमचं बोलणं निघतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी अब्बांनी ऐकलं नसतं. मय्यत ताटकळत ठेवायची नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. इन्स्पेक्टरांना ते माहीत होतं. आमची अदब त्यांच्या कामाला आली.

घरी आणल्यावर अब्बा आणि मामूने गुसल दिलं. म्हणजे शेवटची आंघोळ. त्यात माणसाला उघडं ठेवत नाहीत. वर चादर असते, खालून हात घालून धुतात. कुशीवर वळवलं तेव्हा अब्बांच्या बोटाला पाठीवरचं भोक लागलं. चादर जराशी उचलून त्यांनी बघितलं, छातीवरच्यापेक्षा बरंच छोटं. परत झाकलं. फोटो? आपल्या पोराला आंघोळ घालताना खिशातून मोबाईल काढणारा बाप आमच्यात नाही. तुमच्यात असेल तर मला दाखवा.

आणि अजून एक. गुसलच्या वेळी अंगावर जे दिसतं ते बाहेर बोलायचं नसतं. मेलेल्याची अब्रू असते ती. म्हणून अब्बा बोललेच नाहीत. जोहरला भाईला पुरलं आणि ते गप्पच. मग पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आला. मी मोठ्याने वाचत होते, गोळी छातीतून शिरली, पाठीतून बाहेर. अब्बा भाकरी मोडत होते. हात थांबला. म्हणाले, "झूठ है." मग सगळं सांगितलं. एवढे दिवस तो माणूस ते पोटात घेऊन उशा शिवत होता.

त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. कोथरूडला एका क्लासमध्ये मी ॲडमिशनच्या डेस्कवर होते. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "आपण समजूतदार आहात म्हणून बोलतो. पालक विचारतायत, त्या पेपरातल्या मुलाची बहीण त्याच का म्हणून. थोडे दिवस घरी आराम करा." मी म्हटलं, मी काय केलंय सर? "अहो, आपण काही केलं असं कुठे म्हणतोय मी?" इतकं स्वच्छ बोलतात ही माणसं. कुठे पकडायचं तेच कळत नाही.

तर आज. मी दाराशी उभी. अब्बा चूक झाली म्हणतायत. आणि इन्स्पेक्टर कप खाली ठेवून म्हणाले, "सर, यांच्या मुलीचं म्हणणं आहे कबर उघडून परत पोस्टमॉर्टेम करा. पण यांच्याच धर्मात ते बसत नाही. मुलाची विटंबना नको म्हणून मीच यांना सांगतोय."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे. आपण भावनांचा आदर केला पाहिजे."

आदर. तोच तो आदर. पाण्याच्या बाटलीवाला.

डोक्यात काय झालं माहीत नाही. पुढे गेले. रिकामी खुर्ची ओढली, अब्बांचे खांदे धरून त्यांना बसवलं. ते उठायला लागले, मी दाबून धरलं.

"धर्म आमचा आम्ही बघू," मी म्हटलं. "तुम्ही गोळी कुठून शिरली ते बघा."

"आपण कोण?"

"बहीण."

"बाहेर थांबा."

"नाही थांबत. अर्ज द्यायचाय. कबर उघडायचा."

अर्ज वकीलताईंनी आधीच लिहून दिला होता. सही अब्बांची घ्यायची होती. मी पेन त्यांच्या हातात दिलं. अब्बा कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सोने दे ना उसको, बेटा."

साहेबांनी हात पसरले. "बघा. वडीलच नको म्हणतायत."

मला वाटलं संपलं. इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत होते, एकदम शांत, जसं लहान मुलाचा हट्ट संपायची वाट बघतात.

मी अब्बांच्या हातातून पेन घेतलं. त्यांचं नाव खोडलं, माझं लिहिलं, सही केली. त्यांच्या समोर. आयुष्यात पहिल्यांदा अब्बांच्या शब्दाबाहेर गेले.

"ठेवून जा. बघू," साहेब म्हणाले.

"पोच द्या."

"देऊ नंतर."

"शिक्का मारून पोच द्या. तोपर्यंत इथेच आहे."

टाईप करणाऱ्याने शिक्का मारला. हसला नाही.

रिक्षातून उतरून अब्बा थेट दुकानात गेले. दुकान उघडून बसलेत, आत लाईटसुद्धा लावलेली नाही. अम्मीला सांगितलं मी सही केलीय. ती बराच वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच परत घासत. मग पाठमोरीच म्हणाली, "मुँह देखने देंगे क्या?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं तिला. चेहरा राहिला असेल का, हे नाही सांगितलं.

मला बरं वाटत नाहीये. कुणी शाबास म्हणू नका. माझ्या भावाला मातीतून काढा असं मी लिहून दिलंय, अब्बांना नको असताना. पण भाईला झोपू दे म्हणणारे दोन आहेत. एक त्याचा बाप. दुसरे त्याला मारणाऱ्याचे इन्स्पेक्टर. दोघांचे शब्द सारखे झाले की समजायचं, कुणीतरी आपल्याला वापरतंय.

अर्ज फेटाळला तर हायकोर्टात जाणार. कबर उघडतील त्या दिवशी मी तिथे उभी राहणार. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, तेही इन्स्पेक्टर मला समजावतीलच, अगदी अदबीने. समजावू देत. डॉक्टर भाईला कुशीवर वळवतील तेव्हा कॅमेरा चालू आहे का हे मी बघणार. गोळी घालणाऱ्याचं नाव गुन्ह्यात आल्याशिवाय मी भाईला परत झाकू देणार नाही.

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरातलं कुणी असं गेलंय? पाणी देऊन, चाचा म्हणून, तुमच्याच रीती तुम्हाला शिकवून कुणी गप्प केलंय? आणि तुम्ही झालात का गप्प?