सुनावणीची साडी

“अगं, लग्नाला आलीयस की सुनावणीला?”

साहेब असा ओरडला की ठाण्याच्या पालिका कचेरीतले पंखे थांबले. पार कोपरीपर्यंतची कुत्री उठली असतील. सगळी खोली हसली. शिपाईसुद्धा.

मी माझ्या लग्नातली हिरवी साडी नेसून गेलेले. तेच खुपलं.

कल्याणच्या आमच्या वस्तीत सगळ्या झाडूवाल्या. आमच्यात सुनावणीची एक साडी आहे. ठिगळांची. जिची तारीख तिने ती नेसायची, हात जोडायचे, डोळ्यांना पदर लावायचा. त्या साडीने वकिलांपेक्षा जास्त साहेब पाहिलेत. मागच्या तारखेला मीही तीच नेसलेले. रडले तर अशी, की ठाण्याच्या खाडीला भरती आली. साहेबाने नाकाला रुमाल लावला. “पुढच्या तारखेला ये.”

बाहेर पडले, टेंभी नाक्यावर जरा टेकले. दहीहंडीनंतर हिमालयाएवढा कचरा जिथे मी उचललाय, तिथेच. एक बाई थांबली. माझ्या तळहातावर नाणं ठेवून निघून गेली. मी काही मागितलं नव्हतं.

नाणं एवढंसं. पण घरापर्यंत तो हात वर होईना.

म्हणून आज हिरवी साडी.

“लग्नाला आले असते तर आहेर आणला असता, साहेब. पेन्शनला आलेय.”

खुर्ची ओढली. बसले. बस कोणी म्हटलं नव्हतं. मग सांगितलं. आधीची कितीतरी वर्षं मी बदली कामगार. पहाटे हजेरीच्या चौकीवर उभं राहायचं. पक्की बाई आली नाही की तिचा झाडू आपल्या हातात. ती वर्षं तुम्ही धरत नाही, म्हणून माझं पेन्शन बसत नाही.

“मी बदली होते, साहेब. कचरा पण बदली होता का?”

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला, “पुढच्या तारखेला बघू.”

तारखा संपायच्या आधी ही म्हातारी संपेल, असा त्याचा हिशोब. पाय तुटत होते, कंबर धरलेली. पण मी संपत नाही. येणार. हिरवीतच येणार.

घरी आले तर शेजारची शांता माझ्या दारात. हातात ठिगळांची साडी, घडी घातलेली. सोमवारी तिची तारीख. मी ती साडी ओढून घेतली, मोरीपुढे टाकली आणि वर पाय पुसले.

“अगं बये! आता मी सोमवारी काय नेसू?”

“लग्नातली.”